पुराचं पाणी शिरलेली जिल्हा परिषद शाळा: वर्गणी जमली आहे, पैसा आधी कशावर घालावा?

सीनाकाठची पालक (मोहोळ तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. पहिली ते पाचवी, पट पन्नासच्या पुढं, शिक्षक दोन. जुन्या दोन खोल्या दगडी, वर पत्रा. त्यांना चिकटून नंतर बांधलेली एक स्लॅबची खोली. समोर ओटा, एका अंगाला संडास, मागं पोषण आहाराचं किचन शेड.

सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा शाळेत कंबरेइतकं पाणी होतं. ओसरल्यावर गाळ आम्ही बायकांनीच खोऱ्यानं ओढून बाहेर काढला. हजेरीपुस्तकं, दाखल्यांची जुनी रजिस्टरं, तांदळाची पोती, सगळं गेलं. दोन्ही गुरुजींनी रजिस्टरांची पानं सुटी करून ओट्यावर वाळवली, जेवढी वाचली तेवढी वाचली.

आता अवस्था अशी आहे. दगडी खोल्यांतली शहाबादी फरशी मधोमध खचलीय, बाकडं ठेवलं की डुगडुगतं. जुनी खोली आणि स्लॅबची खोली जिथं जुळतात तिथं वरपासून खालपर्यंत फट पडलीय, बोट जातं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघाल्यात. भिंतीला खालून लोणा, म्हणजे ओलीनं येणारा पांढरा क्षार, चढलाय. संडासाच्या खड्ड्यात गाळ भरलाय, दार लागत नाही. मुली घरी पळतात, काही परत येतच नाहीत. तीन वर्ग समाजमंदिरात, दोन वर्ग मारुतीच्या देवळाच्या मंडपात बसतात.

गावातून आणि पुण्या-मुंबईला असलेल्या पोरांकडून साडेतीन लाखांच्या आसपास वर्गणी गोळा झालीय. कुणी दोनशे दिलेत, कुणी वीस हजार. पण सभेत एकमत होत नाही. काहींना दारात देणगीदारांच्या नावांची कमान पाहिजे. काहींना मोठा टीव्ही आणि बोलक्या भिंती. काही म्हणतात, सगळं पाडून टाका. एक ठेकेदार म्हणतो, तीन लाखांत प्लास्टर, रंग, पटांगणात पेव्हर ब्लॉक, सगळं मे महिन्यात करून देतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पोरं आत बसली पाहिजेत, एवढंच मला कळतं.

मला सभेत उभं राहून सांगता येईल असं उत्तर पाहिजे. आधी काय, नंतर काय, आणि का.

गुरुजी (उत्तर सोलापूर)

ताई, बांधकामाचं जाणकार सांगतील. मी कागदाचं सांगतो, कारण काम त्याच्यावाचून अडतं.

इमारत जिल्हा परिषदेची आहे. गावानं ठराव केला म्हणून एक भिंतही पाडता येत नाही. खोली धोकादायक आहे असं बांधकाम उपविभागाचे अभियंता लिहून देतात, प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, निर्लेखनाला, म्हणजे इमारत नोंदीतून काढून पाडायला, मंजुरी मिळते आणि मगच पाडकाम. सभेत "पाडून टाका" म्हणणाऱ्यांना हे आधी सांगा. मंजुरीविना पाडलेल्या खोलीच्या जागी नवी खोली मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं, पुराच्या पंचनाम्यात शाळेचं नाव आहे का ते तलाठी आणि ग्रामसेवकांकडून बघून घ्या, प्रत काढून ठेवा. शाळेची जागा कुणाच्या नावावर आहे? खेड्यात पुष्कळ शाळा कुणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणाराही गेला, घेणारेही गेले, आणि नव्या खोलीच्या प्रस्तावाला सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा लागतो. हे काम बिनपैशाचं आहे, उद्याच सुरू करा.

पैशाचे मार्ग: समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान असतं. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. रक्कम लहान आहे, पण नळ, कड्या, दारं यांना पुरते. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा आला, त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. संडास आणि पाणी या दोन गोष्टी वर्गणीतून करूच नका, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घाला. नवी खोली जिल्हा वार्षिक योजनेतून मागा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २२व्या कलमानं शाळा विकास आराखडा करायचं काम तुमच्याच समितीला दिलंय. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या सहीनं तो आराखडा जातो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा, क्रीडांगण, कुंपण, अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट, हे सगळं लिहिलेलं आहे. कमान त्यात नाही.

निवृत्त शाखा अभियंता

ताई, मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात होतो. नोकरी सगळी याच जिल्ह्यात, जास्त करून मंगळवेढा, मोहोळ आणि अक्कलकोटला. तुमची शाळा मी पाहिलेली नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते सीनाकाठच्या आणि भीमाकाठच्या काळ्या रानातल्या कितीतरी शाळांचं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, स्लॅबच्या खोलीत कुणाला बसवू नका, जोपर्यंत अभियंता येऊन बघत नाही तोपर्यंत. ती नवी म्हणून भक्कम, असं नसतं. दिवसाउजेडी आत जाऊन छताकडं बघा. कुठं तांबूस डाग, फुगवटा, खपली निघून सळई उघडी दिसतेय का? लांब बांबूनं छतावर हळू ठोका. चांगला काँक्रीट खणखणीत बोलतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की खाली उभं राहू नका आणि खोलीला कुलूप घाला. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. त्यानंतर आपल्याकडे तरी "बघू पुढच्या वर्षी" हे वाक्य कुणी बोलू नये.

आता भेगांचं. जुनी खोली आणि नवी खोली यांमधली उभी फट बघून गाव घाबरतं, पण ती बहुधा एवढी वाईट नसते. दोन बांधकामं वेगवेगळ्या काळातली, पाया वेगवेगळ्या खोलीवर, मध्ये जोड नाही. पुरानं जमीन हलली तेव्हा ती आपापल्या जागी सरकली. मला काळजी खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरप्या भेगांची आहे. त्या पाया एका बाजूला बसल्याचं सांगतात.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हानं वाळली की आकसते आणि भेगाळते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, तेव्हा माती सगळ्यात जास्त आकसलेली. पावसाचा जोर सप्टेंबरात, तेव्हा सगळ्यात फुगलेली. भिंत दरवर्षी वर-खाली होते. म्हणून मे महिन्यात भेगा सगळ्यात रुंद दिसतात आणि त्याच महिन्यात ठेकेदार त्या सिमेंटनं ठासून भरतो. पावसाळ्यात माती फुगली की भिंतीला मिटायला जागा राहत नाही, मग ती शेजारी नवीन ठिकाणी फुटते. दरवर्षी तेच प्लास्टर, दरवर्षी तीच भेग, असं जिथं चालतं तिथं कारण हे असतं.

तुम्ही एक काम करा. काचेच्या दुकानातून बोटभर रुंद, वीतभर लांब अशा पातळ काचपट्ट्या कापून आणा. प्रत्येक तिरप्या भेगेवर एक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं जिप्समनं भिंतीला चिकटवा. बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहा. भेग हलली तर काच तडकते. तडकली तर किती आणि कोणत्या महिन्यात ते वहीत लिहा. पाचवीच्या पोरांकडं हे काम द्या, ती इमानेइतबारे करतात. उन्हाळा आणि एक पावसाळा अशी नोंद असेल तर कोणताही अभियंता तुमच्यापुढं बसून नीट बोलेल. तोवर भेगांत चुन्याचा हलका माल भरा, पाणी आणि विंचू जाणार नाहीत इतपत. त्याच वेळी भिंतीला ओळंबा लावून बघा. दगडी भिंतीला बाहेरच्या अंगानं पोट सुटलं असेल तर ती भेगेपेक्षा मोठी भानगड. आतला मातीचा माल पुरात धुऊन गेला आणि दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांपासून सुटले, असा त्याचा अर्थ.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तो आपल्या जिल्ह्यातही जाणवला होता. तिकडं जी घरं जमीनदोस्त झाली त्यातली फार घरं अशाच जाड दगड-मातीच्या भिंतींची. भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड नव्हता, वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, ओझं. तुमच्यावर पत्रा आहे ही जमेची बाजू. पण पोट सुटलेली भिंत दिसली तर तेवढा भाग उतरवून, जोडदगड घालून पुन्हा बांधावा लागेल, आणि खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घेता आला तर जरूर घ्या. हे गवंड्याच्या अंदाजावर नको, उपविभागाकडून अंदाजपत्रक करून घ्या.

मग वर्गणीचा पैसा कशावर? माझं उत्तर एकच: पाणी इमारतीपासून लांब न्यायला. जोत्याभोवती चारी बाजूंनी चार-पाच फुटांचा पट्टा खणा, काळी माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारत थराथरानं धुम्मसनं ठोका, आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीट करा. भिंत आणि या पट्ट्याच्या सांध्यात डांबर भरा, सिमेंट नको. पत्र्याच्या वळचणीला पन्हळ लावून पाणी पाइपानं लांब सोडा. हात धुवायची जागा भिंतीला लागून असेल तर ती हलवा. पोरं रोज दोनदा हात धुतात, ते पाणी वर्षभर एकाच कोपऱ्यात मुरतं आणि तोच कोपरा खचतो. तुमचं बघा, खचलेली बाजू आणि नळाची बाजू एकच निघेल असं मला वाटतं.

पेव्हर ब्लॉकला माझा विरोध आहे, निदान भिंतीजवळ. ते वाळूवर बसवतात, सांध्यातून पाणी खाली जातं आणि खाली काळी मातीच आहे. दिसायला छान, पायाला घातक.

फरशीचंही तेच. खचलेली फरशी नुसती उचलून खाली माल घालून परत बसवली तर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा डुगडुगेल. खोलीतली काळी माती किमान दीड-दोन फूट काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत ठोकून भरा, वर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), मग फरशी. तुमची शहाबादी जुनी असेल तर टाकू नका. असली जाड फरशी आता सहज मिळत नाही. घासून, उलटी करून पुन्हा बसवता येते.

भिंतीला लोणा चढलाय म्हणजे आत अजून ओल आहे. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि ऑइल पेंट चढवला की ओल आतच कोंडते, वर्षभरात पापुद्रे. पुराची खूण जिथं दिसते तिच्या वर फूटभरापर्यंत जुनं प्लास्टर खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. खिडक्या-दारं दिवसभर उघडी ठेवा. वाळली का हे बघायला प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूनं दव दिसलं तर थांबा. वाळल्यावर दगडांमधल्या फटी चुन्यात भरा आणि चुनाच मारा. शाळेच्या भिंतीला चुना कमी दर्जाचा, असं आपल्याकडं कुणी ठरवलं कोण जाणे. दगड-मातीच्या भिंतीला तोच लागतो.

राहिला पत्रा. वळवाच्या वाऱ्यात सोलापूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या शाळेचा पत्रा उडतो. पत्रा धरणारा एकेक जे-बोल्ट (इंग्रजी J सारखा वाकवलेला) हातानं हलवून बघा. गंजलेले बदला, वायसर नवीन घाला, कडेच्या ओळीला बोल्ट जास्त घ्या. आणि ज्या लोखंडी अँगलवर पत्रा बसलाय तो भिंतीत नीट धरलाय का ते बघा, नाहीतर पत्रा अँगलसकट जातो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला कोरडं ड्रिल मारू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट. पाणी मारत काम करा आणि पोरं आवारात नसताना करा.

शेवटचं, पुराची रेघ. पाणी जिथवर आलं होतं तिथं भिंतीवर ठळक रेघ ओढा, बाजूला महिना आणि साल लिहा. विजेचे बोर्ड तिच्या वर. रजिस्टरांचं कपाट तिच्या वर, भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून. तांदळाची कोठी तिच्या वर. आणि पुढंमागं नवी खोली मंजूर झाली तर तिचं जोतं त्या रेघेच्या वर पाहिजे, हे ठरावात शब्दांत लिहून ठेवा. अंदाजपत्रक साच्यातून येतं. गावानं सांगितलं नाही तर जोतं नेहमीच्याच उंचीचं धरतात.

पुण्यातला गावकरी

मी मोहोळ तालुक्यातलाच, पुण्यात नोकरी. आमच्याही गावात शाळेसाठी वर्गणी चालू आहे, म्हणून विचारतो. काकांचं सगळं पटलं. पण आम्ही इकडून जे पैसे गोळा करतो ते देणारे विचारतात, आमच्या पैशातून काय झालं ते दाखव. कमान दिसते, टीव्ही दिसतो. जमिनीखालचा मुरूम मी त्यांना कसा दाखवू? आणि टीव्हीला एवढा विरोध का? माढ्याच्या परितेवाडीच्या शाळेचं नाव तर तंत्रज्ञानामुळंच जगभर गेलं ना?

गुरुजी (उत्तर सोलापूर)

परितेवाडीचं बरोबर आहे. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा आणि मुलींना शाळेत आणून टिकवल्याचा. शाळा गुरांच्या गोठ्याला लागून होती तिथून त्यांनी सुरुवात केली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांत वाटून दिली. पण आधी मुलं वर्गात होती, गुरुजी रोज होते, पालकांच्या घरी जाणं-येणं होतं, म्हणून ते क्यूआर कोड चालले. टीव्हीला माझा विरोध नाही. ओल्या भिंतीवर, जिथं वायरिंग पुरात भिजलंय, तिथं तो टांगायला विरोध आहे. पुढच्या वर्षी आनंदानं घ्या.

दाखवायचं म्हणाल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. खणलेली काळी माती, भरलेला मुरूम, ठोकणारी माणसं, आणि शेजारी टेप धरून खोली. त्या त्या आठवड्याचं बिल त्याच दिवशी गटावर टाका. पुण्यातल्या माणसाला कमानीपेक्षा बिल जास्त विश्वास देतं, असा माझा अनुभव आहे. नावं लिहायचीच असतील तर व्हरांड्यात एक साधा फलक करा. दोनशे देणाऱ्या मजुराचं आणि वीस हजार देणाऱ्याचं नाव एकाच आकाराच्या अक्षरात.

निवृत्त शाखा अभियंता

गुरुजींना जोडून. ठेक्यानं काम देऊ नका. खडी, मुरूम, सिमेंट समितीनं घ्यावं, गवंड्याला मजुरीवर बोलवावं, मुरूम ब्रासवर मोजून उतरवून घ्यावा. समितीत अर्ध्या महिला असतात. ज्यांची शेतावरची कामं कमी आहेत अशा दोघी-दोघींनी पाळीनं उभं राहावं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजून ठेवा, किती वापरलं ते त्यावरून कळतं. आणि काँक्रीटवर पाणी मारायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करा. आपल्या उन्हात दोन दिवस पाणी चुकलं तर चांगला मालही भुसभुशीत होतो.

प्राथमिक शिक्षिका (अक्कलकोट तालुका)

ताई, सगळे भिंतीबद्दल बोलले, मी संडासाबद्दल बोलते. मुली घरी पळतात आणि परत येत नाहीत असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे.

आमच्या भागातल्या कितीतरी शाळांत संडास आहेत आणि त्यांना कुलूप आहे. कारण पाणी नाही. पाणी बादलीनं आणायचं म्हटलं की ते काम मुलींच्या गळ्यात पडतं, मग मुख्याध्यापक कंटाळून कुलूप घालतात. म्हणून नळ आत पाहिजे, टाकी वर पाहिजे. कडी आतून, आणि पहिलीच्या मुलीचा हात पोचेल इतक्या खाली. आमच्या शाळेत मोठ्यांच्या उंचीवर कडी होती, तर लहान मुली मैत्रिणीला दाराशी धरून उभं करायच्या. कडी खाली घेतली, शंभर रुपयांच्या आतलं काम, आणि मुली एकट्या जायला लागल्या.

मुलामुलींची दारं एकाच बाजूला उघडणारी नकोत. इमारतीच्या मागं अडगळीत बांधू नका, वर्गातून वाट दिसली पाहिजे, पण आतलं दिसता कामा नये. वर जाळीचा झरोका ठेवा, उजेड असेल तर मुलं घाण कमी करतात. स्वच्छ विद्यालयाच्या निकषानं चाळीस मुलांमागं एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. तुमच्या पटाला मुलांसाठी एक संच, मुलींसाठी एक. पाचवीतल्या मुलींचाही विचार करा, काहींची पाळी त्या वयात सुरू होते. झाकणाची बादली आणि एक खुंटी एवढं तरी ठेवा. आणि एक दार रुंद, रॅम्पसह. बारा फूट लांबीला एक फूट चढ, त्याहून उभा रॅम्प नावाला असतो, चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही.

खड्ड्याचं काका सांगतील. काळ्या रानात शोषखड्डा भरून का येतो ते मला नेहमी कोडं वाटतं.

निवृत्त शाखा अभियंता

बाई, काळी माती पाणी लवकर सोडत नाही, म्हणून. दोन खड्डे घ्यायचे, एक भरला की दुसरा चालू. खड्डा नेहमीपेक्षा मोठा, आणि बाहेरून चारी बाजूंनी फूटभर जाड वाळूचं वेष्टन द्यायचं, म्हणजे पाणी पसरायला जागा मिळते. खड्डा भिंतीपासून आणि बोअरपासून लांब. पूर येणाऱ्या जागी खड्ड्याची झाकणं जमिनीच्या वर उचलून पक्की करायची.

सीनाकाठची पालक (मोहोळ तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सभा झाली. काकांचं काळ्या मातीचं मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. आमच्यात एक म्हातारे गवंडी आहेत, ते उठून म्हणाले, हेच मी वर्षानुवर्षं सांगतोय. आणि खचलेली बाजू खरंच नळाचीच निघाली.

ठरलं ते असं. वर्गणीतून जोत्याचा पट्टा, पन्हळ, दगडी खोल्यांतली फरशी आणि पत्र्याचे बोल्ट. संडास आणि टाकी ग्रामपंचायत बंधित निधीतून करणार, सरपंचांनी सभेतच हो म्हटलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. स्लॅबच्या खोलीवर बांबूनं ठोकलं, एका कोपऱ्यात बद्द वाजला. त्याच संध्याकाळी कुलूप घातलं आणि बांधकाम उपविभागाला पत्र दिलं, पोच घेतली. कमानवाल्यांपैकी दोघं नाराज आहेत, त्यांच्याकडं परत जाणार आहे. त्यातल्या एकाची नात पहिलीत आहे, त्यांना भिंत जवळून दाखवायची आहे.

एक विचारायचं राहिलं. शाळेच्या आवारातला बोअर पुरात बुडाला होता. हापशाला पाणी स्वच्छ दिसतं. पोरांना द्यायचं का?

निवृत्त शाखा अभियंता

दिसण्यावर जाऊ नका. पुराचं पाणी बोअरमध्ये उतरलंय असंच धरा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा. टीसीएल पावडरचं (ब्लीचिंग पावडरचं) द्रावण त्याच्या मापानं बोअरमध्ये सोडू द्या, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईस्तोवर पोरांना गावच्या टाकीचं शुद्ध केलेलं पाणी द्या. हापशाभोवतीचा ओटा फुटला असेल तर तोही दुरुस्त करा, नाहीतर सांडलेलं पाणी केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपाच्या) कडेनं परत आत जातं. उतार जोत्याकडं नको, बाहेर.

सीनाकाठची पालक (मोहोळ तालुका)

आजच जलसुरक्षकांना निरोप दिला. मुरमाचा पहिला ट्रॅक्टर सोमवारी येतोय, मोजायला मी आणि शेजारच्या वहिनी उभ्या राहणार. पन्हळ आणि जे-बोल्ट सोलापूरला कोणत्या भागात घाऊक मिळतात? इथल्या दुकानात बोल्ट दाखवले ते हातानंच वाकतायत.